हलका हात

या सदराच्या वाचकांना माझी खोड एव्हाना ठाऊक झाली आहे. मराठीतला एखादा शब्द उचलायचा, तो उलटसुलट करून पाहायचा आणि दोन पाने भरली की नमस्कार करून मोकळे व्हायचे. दिवाळी अंकासाठी यंदा मी ‘अभ्यंग’ हा शब्द काढून ठेवला होता. नरकचतुर्दशीची पहाट, रांगोळीने वेढलेला पाट, वाटीतले कोमट तेल, उटण्याचा वास आणि ‘थांब रे, मान राहिली अजून’ म्हणून पुन्हा खाली बसवणारी आई! या विषयावर मराठीत आजवर इतके लिहून झाले आहे की आणखी एका लेखाची भर कुणाच्या ध्यानातही आली नसती.

पण लिहायला बसलो आणि पेन अडले. आमच्या घरातला अभ्यंग गेल्या काही वर्षांत पार बदलून गेला आहे. आता पाटावर आई बसते. तिच्या उजव्या हातावरून हात फिरवतात आमचे आबा. आणि तेही तेलावाचून. हे असे का झाले ते सांगायचे, तर यंदा शब्दाची गोष्ट बाजूला ठेवून हाताची गोष्ट सांगायला हवी.

आम्ही कसबा बावड्याचे. कोल्हापूरच्या उत्तरेला, पंचगंगेच्या काठी, एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला शहर अशी ही वस्ती. शाहू महाराजांचा जन्म इथलाच. १८७४ सालचा, लक्ष्मी-विलास राजवाड्यातला. महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले, आणि तांबड्या मातीचे वेड या मुलखात कायमचे मुरले. आबा त्याच वेडात वाढले. राजाराम कारखान्यात नोकरीला लागेपर्यंत त्यांची सकाळ-संध्याकाळ तालमीत जाई. कुस्तीत त्यांचे नाव झाले नाही. मालिश करणारा म्हणून मात्र झाले. लचकलेली पाठ, मुरगळलेला पाय, उसण भरलेली कंबर घेऊन माणसे आमच्या सोप्यात येऊन बसत, आणि आबांच्या हाताखालून गेल्यावर चालत घरी जात.

तालमीतली मालिश म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. चोळणे, रगडणे, मळणे, तिंबणे, चेपणे, तुडवणे. मराठीने या एका कामासाठी इतकी क्रियापदे बाळगली आहेत, आणि त्यांतले एकही हलके नाही. ‘रगडल्याशिवाय उतरत न्हाई’ हे आबांचे जन्माचे सूत्र होते.

२०२१ सालच्या पावसाळ्यानंतर आईच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. कर्करोग हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारला नाही; आईसाठी ती शेवटपर्यंत ‘गाठ’च राहिली. शस्त्रक्रिया झाली. काखेतल्या ग्रंथी काढल्या. केमोथेरपी झाली, मग किरणोपचार झाले. डोक्यावरचे केस गेले आणि परत आले. पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, ‘आजी, आता तुम्ही मोकळ्या.’ आम्ही पेढे वाटले. फाईल कपाटात गेली. उपचार संपले म्हणजे आजार संपला, असे आम्ही धरून चाललो. आपण सगळेच तसे धरून चालतो.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आई कासाराकडे गेली. डाव्या हातात हिरव्या बांगड्या सहज गेल्या. उजव्या हातात एकही चढेना. कासाराने आधी साबण लावला, मग मापे बदलून पाहिली आणि शेवटी मान हलवली. मनगटावर आधीच्या ज्या दोन रुतून बसल्या होत्या, त्याही वाढवाव्या लागल्या. मराठीत बांगडी फुटत नाही, वाढते. सवाष्णीच्या मनगटाविषयी आपली भाषा इतकी जपून बोलते. मग त्या सवाष्णीच्या मनात काय चालले असेल? आबा धडधाकट समोर बसलेले, आणि हिचा उजवा हात रिकामा! ‘ऱ्हाऊ दे की, एका हातात हायत,’ एवढेच ती म्हणाली. पण त्या दिवसापासून तिने तो हात पदराखाली ठेवायला सुरुवात केली. हळदीकुंकवाला जाणे बंद झाले. ‘मी बसतो घरातच,’ म्हणायची. (आमच्याकडच्या बायका ‘बसतो’, ‘जातो’ असेच म्हणतात, मुद्रणदोष समजू नये.)

आबांना ते फार लागले. अर्ध्या बावड्याचे हातपाय ज्यांनी सरळ केले, त्यांना घरातला एक सुजलेला हात आवरू नये? रोज रात्री तिळाचे तेल तापवून ते आईचा हात रगडायला बसू लागले. बोटांपासून खांद्यापर्यंत, तालमीत शिकले होते तसे. ‘दुखतंय काय?’ ते विचारत. ‘न्हाई, बरं वाटतंय,’ आई म्हणे. दोघेही एकमेकांसाठी करत होते. एक मनापासून रगडत होता आणि एक मनापासून खोटे बोलत होती. सूज मात्र वाढत चालली. पंधरा-वीस दिवसांनी आईला थंडी वाजून ताप भरला आणि हात कुंकवासारखा लाल झाला. इस्पितळात न्यावे लागले. सुजलेल्या हातात जंतूंना शिरकाव मिळायला एवढेतेवढे खरचटणेही पुरते, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. रगडण्यानेच हे झाले असे कुणी म्हटले नाही. पण ‘हाताला काय केलं होतं?’ या प्रश्नावर आबांनी खाली घातलेली मान मला अजून दिसते.

ताप उतरला आणि आणखी काही दिवसांनी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आईला पाहायला आली. वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी. तिने आम्हांला जे सांगितले ते शस्त्रक्रियेच्या आधीच कुणी सांगितले असते तर किती बरे झाले असते, असे वाटत राहते. म्हणून ते इथे देतो.

‘लस’ म्हटले की आज आपल्याला टोचण्याची लस आठवते. पण खरचटल्यावर जखमेतून जे पाणी पाझरते, त्यालाही जुनी मराठी माणसे लसच म्हणत. शरीरभर अशी लस, म्हणजे लसिका, वाहत असते. रक्तवाहिन्यांतून पाझरलेले पाणी आणि त्यातली प्रथिने गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणे हे तिचे काम. दिवसाकाठी दोन-तीन लिटर तरी अशी परत जाते. तिच्या बारीक वाहिन्यांचे जाळे कातडीच्या अगदी लगत असते, आणि वाटेत काखेत, मानेत, जांघेत ग्रंथींची ठाणी असतात. रक्ताला हृदयाचा पंप आहे. लसिकेला तसा एकच मोठा पंप नाही. वाहिन्यांचे स्वतःचे आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वास यांच्या जोरावर ती पुढे सरकते. कर्करोग पसरला आहे का हे पाहण्यासाठी काखेतल्या ग्रंथी काढल्या, किंवा किरणांनी तिथली जागा कडक झाली, की वाट अडते आणि मागे पाणी तुंबते. याला लिम्फेडीमा म्हणतात. तो शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी येतो, कधी काही वर्षांनीही. २०१३ साली अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या दर पाच बायकांमागे एकीला हा त्रास होतो असे त्यात दिसले. काखेतल्या सगळ्या ग्रंथी न काढता पहिल्या एक-दोनच तपासण्याची पद्धत जिथे चालते, तिथे हे प्रमाण पुष्कळच कमी असते.

‘मग रगडायचं न्हाई तर उतरवायचं कसं?’ आबांनी विचारले.

‘आजोबा, डोळे मिटा,’ ती म्हणाली आणि तिने त्यांच्या पापणीवरून बोट फिरवले. ‘यापेक्षा जास्त जोर नको. कातडी नुसती सरकली पाहिजे. आतला स्नायू दबता कामा नये.’ लसिकेच्या वाहिन्या इतक्या वरच्या थरात आणि इतक्या नाजूक असतात, की कातडी हलकेच ताणली की त्यांची तोंडे उघडतात. जोराने रगडले तर त्या भागात रक्त धावून येते, आणि जिथे आधीच पाणी तुंबले आहे तिथे आणखी पाणी पाझरते. तेल लावायचे नाही, कारण तेलावरून हात घसरतो आणि कातडी जागची हलत नाही.

क्रमही आमच्या समजुतीच्या अगदी उलटा. सुजलेल्या हातापासून सुरुवात करायचीच नाही. आधी सावकाश, पोटापासून श्वास. मग मान आणि गळ्याची हाडे. मग डावी, म्हणजे चांगली, काख. मग उजवी जांघ. मग छातीवरून आडवे, चांगल्या बाजूकडे. त्यानंतर दंड, त्यानंतर कोपराखालचा हात आणि बोटे सर्वांत शेवटी. हे ऐकताना आबा गप्प होते. मग एकदम म्हणाले, ‘म्हंजे ही दारं धरल्यासारखं हाय. आधी पुढचा पाट मोकळा करायचा, मग मागनं पाणी सोडायचं. आदुगर पाणी सोडलं तर बांध फुटतोय.’ ती मुलगी शहरातली. तिला उसाला पाणी पाजताना दारे धरणे म्हणजे काय हे आबांनीच समजावून सांगितले. पुढे ती इतर रोग्यांनाही तसेच सांगू लागली.

नुसता हात फिरवून भागत नाही, हेही तिने पहिल्याच दिवशी बजावले. मालिशीनंतर हाताला विशिष्ट पट्ट्या थराथराने बांधायच्या, नाहीतर उतरलेले पाणी पुन्हा भरते. सूज उतरली की दिवसभर घट्ट हातमोजा घालायचा. रोज ठरलेला व्यायाम. कातडी स्वच्छ आणि मऊ ठेवायची. नख काढताना, भाजी चिरताना जपायचे. आठवड्यातून एकदा फितीने मनगटापासून वर ठरलेल्या अंतरांवर दोन्ही हातांचा घेर मोजून वहीत लिहायचा. आमच्या बावड्याला मोजमापाची सवय आहेच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टात ती ५५ फुटांच्याही वर गेलेली आम्ही पाहिली. दोन हातांच्या घेरात दोन सेंटिमीटरचा फरक म्हणजे या हाताची इशारा-पातळी. ती वही आबांनी अशी ठेवली, की कारखान्यात वजनकाट्याची वही कुणी इतकी चोख ठेवली नसेल.

ही विद्या आली कुठून, याची मला मास्तरकीच्या सवयीने चौकशी करावीशी वाटली. सुजलेल्या अवयवाला हलकी मालिश, पट्ट्या आणि स्वच्छता ही त्रयी ऑस्ट्रियाचे शल्यवैद्य विनिवार्टर यांनी १८९२ सालीच लिहून ठेवली होती. पुढे ती मागे पडली. १९३० नंतर एमिल व्होडर हे डेन्मार्कचे गृहस्थ आणि त्यांची पत्नी एस्ट्रिड फ्रान्समध्ये कान येथे मालिशीचे काम करीत. सर्दीने बेजार झालेल्या माणसांच्या मानेतल्या सुजलेल्या ग्रंथींना हात लावायला त्या काळी कुणी धजत नसे. या दांपत्याने फार हलक्या हाताने ते करून पाहिले आणि १९३६ साली पॅरिसमध्ये आपली पद्धत मांडली. पुढे जर्मनीत डॉ. मिखाएल फोल्डी आणि त्यांच्या पत्नी एतेल्का यांनी तिला पट्ट्या, व्यायाम आणि कातडीची निगा यांची जोड देऊन चार पायांवर उभे केले. दोन्ही वेळा नवरा-बायकोची जोडी; आबांना मी हे सांगितले तेव्हा ते आईकडे बघून मिशीत हसले.

तिचा गुण किती, हेही सांगायला हवे. २०१५ साली कोक्रेन संस्थेने या मालिशीवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. सुजेचा मोठा भाग, तीस टक्क्यांच्या वर, एकट्या पट्ट्यांनीच उतरला; मालिशीने त्यात आणखी सात टक्क्यांच्या आसपास भर घातली. सूज बेताची असताना तिचा उपयोग अधिक दिसला, आणि अपाय दिसला नाही. म्हणजे हा चमत्कार नव्हे. पट्ट्यांशिवाय नुसती मालिश विकणारा कुणी भेटला, तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

आणि सूज हे काही एकच शेपूट नव्हे. किरणांनी छातीची कातडी कडक होते. व्रणाची दोरी आत चिकटते. कुणाच्या काखेतून कोपराकडे तारेसारख्या शिरा ताणून उभ्या राहतात आणि हात वर जात नाही. आईला कित्येक महिने स्वतःची वेणी घालता येत नव्हती. जाणत्या हाताने हळूहळू ताण देऊन हे पुष्कळसे सुटते. केमोथेरपीनंतर तळपायांना मुंग्या येतात, बधिरपणा राहतो. तिथे हात आणखी हलका हवा, कारण दाब किती पडतो हे रोग्यालाच कळत नाही. आणि थकवा, झोप न लागणे, मनातली धास्ती? न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग रुग्णालयाने १,२९० रोग्यांच्या नोंदी २००४ साली प्रसिद्ध केल्या. मालिशीनंतर वेदना, थकवा, काळजी यांची तीव्रता सरासरीने निम्म्यावर आली होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून शास्त्रज्ञ त्यावर फार भार टाकत नाहीत. पण महिनोन्महिने ज्या शरीराला फक्त सुयांनी स्पर्श केला, त्याला मायेने कुणी हात लावला तर बरे वाटणारच.

दोन भीतींविषयी. मालिशीने कर्करोग पसरतो, असे पुष्कळ लोक मानतात. हलक्या मालिशीने तो पसरतो असा पुरावा नाही. मात्र गाठीवर, किरणांनी नुकत्याच भाजलेल्या कातडीवर किंवा रोग हाडात गेला असेल तिथे दाब द्यायचा नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असेल, रक्तातल्या प्लेटलेट्स उतरल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करायचे नाही. हात लाल आणि गरम झाला, ताप आला, तर मालिश बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. दुसरी भीती ओझ्याची. ‘आता घागर उचलायची न्हाई,’ असे आईला शेजारणींनी सांगून ठेवले होते. २००९ साली अमेरिकेत असा हात झालेल्या १४१ बायकांवर चाचणी झाली. थोड्या वजनापासून सुरुवात करून, जाणकाराच्या देखरेखीखाली, हळूहळू वजन वाढवणाऱ्या बायकांची सूज वाढली नाही, उलट मधूनमधून होणारा त्रास कमी झाला. हे ऐकल्यावर आबांनी आईसाठी अर्धा किलोची वाळूची पिशवी शिवून घेतली. तालमीतले काहीतरी शेवटी कामाला आले!

सांगायचा मुद्दा एवढाच. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा या रोगातून माणूस वाचणे हीच मोठी गोष्ट होती. आज पुष्कळ माणसे वाचतात, आणि वाचल्यानंतर पुढची वीस-वीस वर्षे त्याच शरीरात त्यांना राहायचे असते. फाईलवर ‘उपचार पूर्ण’ असा शिक्का बसतो त्या दिवशी दुसरे एक काम सुरू होते, आणि ते बव्हंशी घरातल्या माणसांनाच करावे लागते. म्हणून आपल्या घरी कुणावर अशी शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर आधीच विचारा: हात सुजेल का? आधी माप घेऊन ठेवाल का? फिजिओथेरपिस्ट कधी भेटतील? आणि सूज आलीच, तर घरात कुणाचा हात कितीही नामांकित असो, शिकल्यावाचून त्याला लावू देऊ नका.

आबांना शिकायला महिना लागला. जन्मभराचा जोर बोटांतून काढून टाकणे सोपे नसते. रात्री ते माझा हात मागून घेत आणि त्यावर सराव करीत. ‘जड पडला काय रे?’ विचारत. पहिले आठ दिवस मी ‘हो’ म्हणत होतो. खोटे बोलण्याचा परिणाम आम्ही पाहिला होता.

आईचा हात पहिल्यासारखा झाला नाही, होणारही नाही. पण वहीतला फरक उतरत गेला. काचेच्या बांगड्या नकोत, टिचून हात कापला तर पुन्हा ताप, असे त्या मुलीने बजावले होते. मग मी गुजरीतल्या आमच्या सोनाराकडून आईची जुनी पाटली घेर वाढवून, फिरकीने उघडेल अशी करून आणली. २०२३ सालच्या नरकचतुर्दशीला पहाटे आबांनी तिच्या हाताची दारे धरली, पाऊण तास. मग मोजा घालायच्या आधी ती म्हणाली, ‘आण ती वाटी. बस पाटावर. आता मी लावतो.’

शेहेचाळीस वर्षांचा मी, नातलगांदेखत पाटावर बसलो. उजव्याच हाताने तिने माझ्या डोक्यावर तेल घातले. मनगटातली पाटली खालीवर होत होती. झाले असे वाटून मी उठू लागलो, तर खांद्यावर हात पडला.

‘थांब रे, मान राहिली अजून.’